हिऱ्यांचे दोन पारखी



आयपीएलचा लिलाव तुम्ही टीव्हीवर बघता ना? कोणाला किती कोटी मिळाले, कोणाला कोणीच घेतले नाही, याची चर्चा दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात रंगते. "एवढे कोटी मोजलेत! आता हा संघ जिंकणारच!" असे कोणीतरी छातीठोकपणे सांगूनही टाकते. मग स्पर्धा सुरू होते आणि कधी कधी तोच कोट्यधीश संघ गुणतक्त्याच्या तळाला जाऊन बसतो. उलट, ज्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती अशा खेळाडूंचा संघ थेट वर!

असं का होतं? पैसे जास्त टाकले तर माल चांगला यायला हवा. बाजारात आपण आंबे घेतो तेव्हा तसेच तर असते. मग खेळाडूंच्या बाबतीत हे गणित का चुकते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आपण इंग्लंडला जाऊ. तिथल्या नॉटिंगहॅम नावाच्या शहरात. रॉबिन हूडच्या गोष्टी वाचल्या असतील तर हे नाव तुमच्या ओळखीचे असेल. तिथल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबची, त्याचा मॅनेजर ब्रायन क्लफ याची आणि क्लफच्या एका मित्राची ही गोष्ट. गोष्ट खरी आहे बरं का! तिच्यात विजय आहेत, पराभव आहेत आणि डोळ्यांत पाणी आणणारे भांडणही आहे.

खेळाडू विकत घेतात म्हणजे काय?

आधी एक शंका फेडून टाकू. माणूस काही भाजीपाला नव्हे, मग त्याची खरेदी-विक्री कशी? तर फुटबॉलचा खेळाडू आपल्या क्लबशी ठरावीक वर्षांचा करार करतो. तो करार संपायच्या आत दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर पहिल्या क्लबला त्याबद्दल पैसे मोजावे लागतात. या व्यवहाराला ट्रान्सफर म्हणतात. हे पैसे क्लबला मिळतात. खेळाडूचा पगार वेगळा.

इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा सर्वेसर्वा. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, सराव कसा घ्यायचा हे तर तो ठरवतोच. पण कोणाला विकत घ्यायचे आणि कोणाला विकायचे हेही क्लफच्या काळात बहुतेक मॅनेजरच ठरवत. घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीच बाजारहाट करते तसे! साहजिकच, जेवण बिघडले तर दोष द्यायला दुसरे कोणी नाही.

इंग्लंडमधल्या क्लबांच्या पायऱ्या असतात. सर्वांत वरच्या श्रेणीत सर्वोत्तम क्लब, त्याखाली दुसरी श्रेणी, मग तिसरी. वर्षाच्या शेवटी वरच्या श्रेणीतल्या तळाच्या संघांना खाली जावे लागते आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ बढती घेतात. एवढे लक्षात ठेवलेत की पुढची सगळी गोष्ट कळेल.

एक बोलणारा, एक बघणारा

ब्रायन क्लफचा जन्म १९३५ सालचा, मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावातला. तो स्वतः जबरदस्त आघाडीपटू होता. लीगच्या २७४ सामन्यांत त्याने २५१ गोल केले. हिशेब करून बघा, जवळजवळ प्रत्येक सामन्यात एक गोल! पण १९६२च्या नाताळात, २६ डिसेंबरला, सामन्यात त्याच्या गुडघ्याला भयंकर दुखापत झाली. त्यातून तो पुरता सावरला नाही आणि ऐन उमेदीत त्याचे खेळणे संपले.

मिडल्सब्रोच्या संघात पीटर टेलर नावाचा गोलरक्षक होता. क्लफपेक्षा वयाने मोठा. गोलरक्षकाला एक सवय असते बघा. सगळे मैदान त्याच्या समोर असते, त्यामुळे तो नुसता बघत राहतो. टेलरचे तसेच होते. कोण कुठे चुकतो, कोणात काय दडले आहे, हे त्याला झटकन दिसे. तरुण क्लफमधले गुण आधी त्यानेच ओळखले. दोघांची गट्टी जमली.

१९६५ मध्ये क्लफ हार्टलपूल या अगदी तळाच्या क्लबचा मॅनेजर झाला आणि त्याने टेलरला मदतीला बोलावले. तिथून दोघे डर्बीला गेले. डर्बी काउंटी तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. या जोडीने १९७२ साली त्याला चक्क इंग्लंडचा विजेता केले!

दोघांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. क्लफ बोलका, तापट, कोणाचेही न ऐकणारा. टीव्हीवर तो बोलायला लागला की लोक हातातले काम टाकून ऐकत. टेलर मागे राहणारा, मिश्कील. तो खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर जाऊन खेळाडू हेरायचा. टेलरने हेरायचे आणि क्लफने घडवायचे, अशी वाटणी होती म्हणा ना.

१९७४ मध्ये क्लफ लीड्स युनायटेड या बलाढ्य क्लबात मॅनेजर म्हणून गेला. या वेळी टेलर बरोबर नव्हता. क्लफ तिथे किती दिवस टिकला असेल? फक्त ४४ दिवस! खेळाडूंशी त्याचे पटले नाही आणि क्लबने त्याला निरोप दिला.

१९७५च्या जानेवारीत तो नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आला. हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. १९७६च्या जुलैमध्ये टेलरही येऊन मिळाला. आणि मग जे घडले ते परीकथेसारखेच होते.

टाकाऊतून टिकाऊ

हस्तकलेच्या तासाला आपण टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवतो. माणसे काही टाकाऊ नसतात. पण दुसऱ्यांनी ज्यांना 'आता याचा काही उपयोग नाही' असे म्हणून बाजूला ठेवले होते, अशांनाच या दोघांनी गोळा केले.

फ्रँक क्लार्क हा बचावपटू न्यूकॅसल क्लबला नकोसा झाला होता. क्लफने त्याला १९७५ मध्ये फुकट घेतले. अक्षरशः एक पैसाही न मोजता!

केनी बर्न्स बर्मिंगहॅमकडून खेळायचा. त्याची कीर्ती वाईट होती. भांडकुदळ, जुगारी, डोक्याला ताप, असे लोक म्हणत. अशा माणसाला कोण घेणार? क्लफला शंका होती. टेलर म्हणाला, थांब, मी बघून येतो. शिकारी कुत्र्यांच्या शर्यतीवर बर्न्स पैसे लावायला जायचा, तिथे टेलर गुपचूप जाऊन त्याच्यावर नजर ठेवून आला. गावगप्पांवर विश्वास न ठेवता स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली. मग सुमारे दीड लाख पौंडांना बर्न्स आला. बर्मिंगहॅममध्ये तो बहुतेक आघाडीला खेळत असे. इथे त्याला बचावात उभे केले. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोणाला निवडले? त्याच भांडकुदळ केनी बर्न्सला!

जॉन रॉबर्टसन तर क्लबातच होता. थोडा जाडा, सिगारेटी ओढणारा, गबाळा. त्याला कोणी हिशेबात धरत नव्हते. या दोघांनी त्याच्या पायातली जादू पाहिली. त्याला खडसावले, सांभाळले आणि डाव्या बाजूने खेळवले. पुढे संघाचे निम्मे हल्ले त्याच्याच पायातून सुरू होऊ लागले.

सगळेच स्वस्तात घेतले असे मात्र समजू नका हं. पीटर शिल्टन या गोलरक्षकासाठी त्यांनी अडीच लाख पौंडांहून जास्त पैसे मोजले. गोलरक्षकावर एवढा खर्च? अनेकांच्या भुवया उंचावल्या. पण दोघांचे म्हणणे सरळ होते. गोल करणारा सामना जिंकून देतो, तसा गोल वाचवणाराही देतो. जिथे खरी गरज होती तिथे त्यांनी हात आखडता घेतला नाही.

परिणाम काय झाला? १९७७ मध्ये फॉरेस्टला कशीबशी वरच्या श्रेणीत बढती मिळाली आणि १९७८ मध्ये तोच संघ इंग्लंडचा विजेता! दुसऱ्या क्रमांकावरच्या लिव्हरपूलपेक्षा ७ गुणांनी पुढे. नोव्हेंबर १९७७ ते डिसेंबर १९७८ या काळात लीगच्या सलग ४२ सामन्यांत त्यांना कोणी हरवू शकले नाही. हा विक्रम मोडायला २००४ साल उजाडावे लागले.

दोन हजारांचा आणि दहा लाखांचा

आता एक गंमतशीर हिशेब.

लाँग ईटन युनायटेड नावाच्या छोट्याशा स्थानिक क्लबात गॅरी बर्टल्स हा पोरगा खेळायचा. पोटासाठी तो घरोघरी जाऊन जमिनीवर गालिचे बसवण्याचे काम करी. १९७६ मध्ये फॉरेस्टने त्याला घेतले. किंमत, २,००० पौंड.

फेब्रुवारी १९७९ मध्ये फॉरेस्टने बर्मिंगहॅमच्या ट्रेव्हर फ्रान्सिसला घेतले. किंमत, १० लाख पौंड! ब्रिटनमध्ये तोवर एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. आधीचा विक्रम होता ५ लाख १६ हजारांचा, म्हणजे एका झटक्यात भाव जवळजवळ दुप्पट. 'दहा लाखांचा खेळाडू' हे ओझे पोराच्या डोक्यावर नको म्हणून क्लफने म्हणे किंमत एक पौंडाने कमी ठेवली होती. पण कर वगैरे धरून ती दहा लाखांच्या पुढेच गेली.

म्हणजे एका फ्रान्सिसच्या किमतीत किती बर्टल्स येतील? वहीत मांडा. तब्बल ५००!

३० मे १९७९. जर्मनीतल्या म्युनिक शहरात युरोपियन कपचा अंतिम सामना होता. युरोपातल्या निरनिराळ्या देशांचे विजेते क्लब या स्पर्धेत उतरत. फॉरेस्टसमोर स्वीडनचा माल्मो संघ होता. त्या दिवशी मैदानावर दोन हजारांचा बर्टल्सही होता, दहा लाखांचा फ्रान्सिसही होता, फुकट आलेला क्लार्कही होता आणि कोणाच्या हिशेबात नसलेला रॉबर्टसनही. मध्यंतर जवळ आले तेव्हा रॉबर्टसनने डावीकडून चेंडू उंच मारला, धावत आलेल्या फ्रान्सिसने तो डोक्याने जाळ्यात ढकलला. १-०! फॉरेस्ट युरोपचा विजेता!

पुढच्या वर्षी, २८ मे १९८० रोजी, माद्रिदमध्ये जर्मनीच्या हॅम्बुर्ग संघाला १-० असे हरवून त्यांनी कप पुन्हा जिंकला. या वेळी गोल होता रॉबर्टसनचा. फ्रान्सिस दुखापतीमुळे खेळूच शकला नव्हता. लीगचे विजेतेपद आयुष्यात एकदाच मिळवणारा पण युरोपियन कप दोनदा जिंकणारा असा हा जगावेगळा क्लब.

दुकानदाराचे डोळे दीपतात तेव्हा

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झाले असते, नाही का? पण आता घसरण सुरू होते.

लीगमधले फॉरेस्टचे क्रमांक बघा. १९७८ मध्ये पहिला, १९७९ मध्ये दुसरा, १९८० मध्ये पाचवा, १९८१ मध्ये सातवा आणि १९८२ मध्ये बारावा. जिना उतरावा तसे! १९८०च्या शरद ऋतूत तर युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत बल्गेरियाच्या एका संघाने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवून बाहेर काढले.

काय झालं असेल? एक तर जिंकलेला संघ मोडला गेला. कोणी परदेशी गेला, कोणाचे वय झाले. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये बर्टल्सला मँचेस्टर युनायटेडने साडेबारा लाख पौंडांना नेले. दोन हजारांचे साडेबारा लाख! कोणालाही वाटेल, काय हा फायदा! पण संघाला एकट्या पैशाने गोल करता येत नाहीत. गंमत म्हणजे मँचेस्टरचाही तोटाच झाला. तिथे त्या वर्षी लीगच्या २५ सामन्यांत बर्टल्सला एकही गोल करता आला नाही. खेळाडू तोच, पाय तेच. पण शेजारी रॉबर्टसन नव्हता. दोनच वर्षांनी फॉरेस्टने त्याला तीन लाखांहून कमी पैशांत परत आणले.

दुसरे असे, की आता फॉरेस्ट श्रीमंत आणि प्रसिद्ध झाला होता. पूर्वी हे दोघे लोकांच्या नजरेतून सुटलेला खेळाडू शोधत. आता लोकांच्या नजरेत भरलेला खेळाडू घेऊ लागले. १९८० मध्ये इयन वॉलेसला साडेबारा लाखांना आणले. १९८१ मध्ये फ्रान्सिसला विकले आणि जस्टिन फॅशानू या २० वर्षांच्या तरुणाला १० लाखांना घेतले. त्यातच मैदानावर नवे मोठे स्टँड बांधले होते, त्याचा खर्चही डोक्यावर होता.

फॅशानूची गोष्ट जरा थांबून ऐकायला हवी. नॉर्विच संघाकडून खेळताना त्याने लिव्हरपूलविरुद्ध एक अप्रतिम गोल केला होता. टीव्हीवर तो पुन्हा पुन्हा दाखवला गेला. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल ठरला. दहा लाख किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पण फॉरेस्टच्या खेळाला तो मुळातच जुळेना. इथे चेंडू जमिनीवरून, पायापायांतून फिरवायची पद्धत. फॅशानूचा खेळ वेगळा. लीगच्या ३२ सामन्यांत त्याचे गोल झाले फक्त ३. वर, ज्या क्लफने रॉबर्टसनला सांभाळून घेतले, त्यानेच या पोराला सांभाळले नाही. फॅशानूच्या खासगी आयुष्यावरून त्याला सगळ्यांसमोर टाकून बोलला, त्याचा सराव बंद केला. पुढे याचा क्लफला पस्तावा झाला. पण त्या वयातल्या मुलाचे जे नुकसान व्हायचे ते झाले होते. १९८२ मध्ये फॅशानूला दीड लाखांना विकून टाकले. साडेआठ लाख पौंड पाण्यात!

मुलांनो, ही खरेदी फसली ती फॅशानू वाईट खेळाडू होता म्हणून नव्हे. त्याचा गोल सर्वांनी पाहिला होता. पण 'हा आपल्या संघात कुठे बसेल, आणि आपण त्याच्यासाठी काय करू?' हा प्रश्न विचारायचा राहून गेला. बर्न्सच्या वेळी टेलर कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत गेला होता. आठवतं ना? दीड लाखांसाठी केवढी चौकशी! आणि दहा लाखांसाठी?

दोन डोळे शेजारी

या अपयशाने दोघे थकले, चिडचिडे झाले. त्याआधीच एक ठिणगी पडली होती. १९८० मध्ये टेलरने क्लफबरोबरच्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते क्लफला रुचले नाही. १९८२च्या मे महिन्यात टेलर निवृत्त झाला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत कामाला लागला. आणि कुठे? तर जवळच्याच डर्बी क्लबात, मॅनेजर म्हणून. डर्बी म्हणजे फॉरेस्टचा कट्टर प्रतिस्पर्धी. दोन शहरांत अंतर जेमतेम २५ किलोमीटरचे.

१९८३च्या उन्हाळ्यात रॉबर्टसनचा फॉरेस्टशी असलेला करार संपला. टेलरने त्याला डर्बीत नेले. खेळाडूचा करार संपला असल्यामुळे नियमाने यात काही चूक नव्हती. किंमत लवादाने ठरवली. पण टेलरने क्लफला आधी सांगितले नाही. साधा एक फोनही केला नाही. दोघांनी मिळून घडवलेला, दोघांचा लाडका रॉबर्टसन!

क्लफ संतापला. वर्तमानपत्रांतून त्याने टेलरबद्दल नको नको ते लिहिले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले. 'दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी' अशी आपल्याकडे म्हण आहे. तसेच झाले. एक नॉटिंगहॅमला, एक डर्बीला. १९८३ गेले, १९८५ गेले, १९८८ गेले. रागाचा पहिला भर ओसरला असेलही, पण आधी फोन कोणी करायचा?

४ ऑक्टोबर १९९० रोजी टेलर वारला. फोन करायचा राहूनच गेला.

१९९४ मध्ये क्लफने आत्मचरित्र लिहिले. ते त्याने कोणाला अर्पण केले असेल? पीटर टेलरला. पण वाचायला टेलर नव्हता.

ज्याला विकले, त्यानेच

आता तुम्ही म्हणाल, टेलर गेल्यावर क्लफचे सगळेच बिघडले असेल. नाही. सत्य सांगायचे तर पुरते सांगायला हवे. १९८४, १९८८ आणि १९८९ मध्ये फॉरेस्ट लीगमध्ये तिसरा आला. १९८९ आणि १९९० मध्ये त्याने लीग कप जिंकला. १९९० मध्ये क्लफने आयर्लंडमधल्या एका छोट्या क्लबातून रॉय कीन हा पोरगा ४७ हजार पौंडांना आणला. जुनी नजर अजून शाबूत होती! पण लीगचे विजेतेपद आणि युरोपियन कप मात्र पुन्हा कधी हाती लागले नाहीत.

आणि मग १९९२ उजाडले. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. त्या उन्हाळ्यात फॉरेस्टचा भक्कम बचावपटू डेस वॉकर इटलीला गेला. १६ ऑगस्टला फॉरेस्टने लिव्हरपूलला १-० हरवले. गोल टेडी शेरिंगहॅमचा. आणखी दोन सामने झाले आणि शेरिंगहॅमलाही २१ लाख पौंडांना लंडनच्या टॉटनहॅमला विकले! त्यालाही लंडनला परतायचे होते म्हणा. पण त्याच्या तोडीचा दुसरा आघाडीपटू वेळेवर आणला नाही. एक खांब काढला आणि छत तसेच ठेवले.

वर्षअखेर काय दिसले? त्या पहिल्या प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? शेरिंगहॅमचे! एकूण २२. त्यातला एक फॉरेस्टसाठी, बाकीचे २१ टॉटनहॅमसाठी. आणि अख्ख्या फॉरेस्ट संघाचे ४२ सामन्यांत मिळून गोल किती? ४१. संघ २२ क्लबांत बाविसावा आला.

या काळात क्लफला दारूचे व्यसन लागले होते. ते वाढत गेले. चेहरा सुजला, तब्येत ढासळली, निर्णय चुकू लागले. ज्याचा धाक एके काळी सगळ्या इंग्लंडला होता, त्याला आता 'हे चुकतंय' असे तोंडावर सांगणारा माणूसच उरला नव्हता. पूर्वी ते काम टेलर करायचा.

१ मे १९९३. घरच्या मैदानावर क्लफचा शेवटचा सामना. फॉरेस्ट ०-२ हरला आणि खालच्या श्रेणीत गेला. तरीसुद्धा लोक उठून गेले नाहीत. त्याच्या नावाची गाणी गात राहिले. १८ वर्षांत त्याने या गावाला काय दिले होते, ते ते विसरले नव्हते.

त्याच्या जागी मॅनेजर म्हणून कोण आला, सांगू? फ्रँक क्लार्क. तोच, १९७५ मध्ये फुकट आलेला! त्याने पहिल्याच वर्षी संघाला पुन्हा वर आणले आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवून दिला. फुकट आलेल्या माणसाने क्लफकडे राहून काय काय शिकून घेतले होते बघा!

मग चूक कोणाची?

एका संघाच्या घसरणीला एकच कारण कधी नसते. वय, दुखापती, पैशाची ओढाताण, व्यसन, सगळे मिळून होते. पण या गोष्टीत एक धागा मला सारखा दिसतो. क्लफ आणि टेलर जेव्हा माणूस बघत होते तेव्हा जिंकत होते. जेव्हा ते किंमत आणि नाव बघू लागले तेव्हा हरू लागले. बर्न्सला त्याच्या बदनामीपलीकडे पाहिले म्हणून तो हिरा निघाला. फॅशानूला त्याच्या एका गोलापलीकडे पाहिले नाही.

वर्गात आम्ही खेळासाठी गट पाडतो तेव्हा हेच तर दिसते. दोन्ही कप्तान आधी धिप्पाड मुलांना ओढतात. लंगडीचा डाव असला तरी! एका पायावर तुरुतुरु पळणारी एखादी बारकी मुलगी शेवटपर्यंत उभी राहते. मग ती ज्यांच्याकडे जाते ते डाव मारतात, आणि सगळ्यांना नवल वाटते.

आणि दुसरा धागा मैत्रीचा. आपल्याला जे दिसत नाही ते ज्याला दिसते, असा मित्र नशिबाने मिळतो. क्लफला टेलरएवढा नजरेचा दुसरा माणूस पुन्हा मिळाला नाही. खेळाडूंची अदलाबदल करता येते, मित्राची करता येत नाही.

पालकहो, आपणही मुलांची 'किंमत' कधी टक्क्यांत, कधी शेजारच्या मुलाशी तुलनेत करतो. ८५ टक्केवाला, ६० टक्केवाली. टेलरने गालिचे बसवणाऱ्या पोराला तसे मापले असते तर युरोपियन कपच्या संघात बर्टल्स दिसला नसता. आपल्या घरातला गबाळा रॉबर्टसन आज खडसावण्याचीच नव्हे, सांभाळून घेण्याचीही वाट बघत असेल.

करून बघा

तुमच्या वर्गाचा कबड्डीचा संघ कागदावर तयार करा. ७ खेळाडू निवडा. पण नाव लिहिण्याआधी त्या जागेचे काम लिहा. चढाई कोण करील? पाय कोण धरील? कोपरा कोण सांभाळील? हरत असताना सगळ्यांना धीर कोण देईल? मग प्रत्येक कामासमोर नाव लिहा. आणि एक अट. निदान एक नाव असे हवे, ज्याला आजवर कोणीच निवडलेले नाही. ते नाव का लिहिले, हे मित्राला पटवून द्या. मित्र 'नाही' म्हणाला तर रुसू नका. तो कदाचित तुमचा टेलर असेल!

ब्रायन क्लफ २० सप्टेंबर २००४ रोजी वारला. पुढच्या वर्षी नॉटिंगहॅम आणि डर्बी यांना जोडणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव दिले गेले. २०१० मध्ये डर्बीच्या मैदानाबाहेर दोघांचा एकत्र पुतळा उभारला. फॉरेस्टच्या मैदानावर १९८० मध्ये बांधलेल्या त्या मोठ्या स्टँडला तर क्लफचे नाव आधीच दिलेले होते. २०१५ मध्ये त्याच्या बरोबर समोरच्या स्टँडला क्लबने नाव दिले 'पीटर टेलर स्टँड'.

आता दोघे समोरासमोर आहेत, आणि मधे मैदान आहे. तुमचं कोणाशी बोलणं बंद असेल, तर तुम्ही मात्र एवढी वाट बघू नका हं!